तिसऱ्या फळीवरचं अर्धं पाऊल

बॅले मास्तरांच्या पायाला भिंगरी होती ती तरुणपणापासूनच, पण त्या सकाळी त्यांनी कहर केला. तालमीच्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा खेपा झाल्या, दोनदा खिडक्या उघडून बंद केल्या, आणि पियानोवाल्या बाईंना त्यांनी "आवाज कमी!" म्हणून दटावलं तेव्हा बाईंनी पियानोचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

दुपारी सरकारी माणसं कॅमेरा घेऊन येणार होती. देशाच्या नाचाची पहिली अधिकृत नोंद व्हायची होती. एकेक पाऊल टिपायचं, त्याचं मूळ लिहायचं, आणि पुढे सगळ्या शाळांत तसंच शिकवायचं. हा नाच मास्तरांनीच उभा केलेला. शिंप्याच्या घरातला हा माणूस परदेशी बॅले शिकून आला आणि चार वर्षं खेडोपाडी हिंडला. जाळं ओढताना कोळी कसे वाकतात, धान्य मळताना पाय कसे पडतात, जे दिसलं ते वहीत टिपलं आणि बॅलेच्या शिस्तीत बसवलं. तेव्हा लोक हसायचे. "मास्तर, हे तर आमची आजी अंगणात फुकट करते!" आता तेच लोक पाहुण्यांना छाती फुगवून हा नाच दाखवायला आणतात. चालायचंच.

पण त्या नाचातलं एक पाऊल कुठल्याच खेड्यातून आलेलं नव्हतं. नर्तकींची रांग खिडकीच्या बाजूला आली की सगळ्या जणींचा डावा पाय वर उचलला जाई, अर्धा क्षण थबके आणि मग लांब पडे. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. पूर्वज ओढा ओलांडायचे म्हणे! मास्तरांनी ते वाचले आणि मूग गिळून बसले.

खरी गोष्ट अशी की हा हॉल पूर्वी धान्याचं गोदाम होता आणि खिडकीपासची तिसरी फळी कुजलेली होती. मास्तरांना ते ठाऊक होतं. पण पहिला प्रयोग आठ दिवसांवर आलेला, आणि सुतार बोलवायचा म्हणजे दोन दिवस तालीम बंद. प्रयोगानंतर बघू, असं त्यांनी ठरवलं. त्याआधीच फळी मोडली आणि त्यांच्या सगळ्यात चांगल्या नर्तकीचा घोटा गेला. ती पुन्हा कधी नाचली नाही. बाकीच्या तिथे जपून पाय टाकू लागल्या, फळी बदलली तरी टाकत राहिल्या, आणि नव्या मुलींनी जुन्यांचं पाहून ते उचललं. ती नर्तकी वर्षभराने मास्तरांची बायको झाली. फळीचं आपल्याला आधीच माहीत होतं, हे मात्र त्यांनी सदतीस वर्षांत तिला सांगितलं नव्हतं.

ते पाऊल काढूनच टाकायचं, असं त्यांनी आज ठरवलं. म्हणजे मूळ सांगण्याचा प्रश्नच मिटला.

"आज थबकायचं नाही. सरळ जायचं."

रांग खिडकीपाशी आली आणि बारा डावे पाय आपसूक उचलले गेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा दोघी एकमेकींवर आदळल्या.

"एवढं साधं जमत नाही?" मास्तर कडाडले आणि स्वतः करून दाखवायला निघाले. खिडकीपाशी त्यांचाही पाय उचलला गेला. पियानोवाल्या बाईंना हसू फुटलं, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी ते दाबलं.

दुपारी बायको काठी टेकत आली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली.

"चहा न घेता पळालात सकाळी. कुठे आग लागली होती?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुम्ही मान खाजवता."

चित्रण झालं. कारकून छापील कागद घेऊन पुढे आला. "मास्तर, हे पाऊल. मूळ, ओढा ओलांडणे. बरोबर ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"खोडा ते," ते म्हणाले. "तिथे कुजकी फळी होती. मला माहीत होतं. तालीम बुडेल म्हणून मी सुतार बोलावला नाही, आणि हिचा पाय गेला."

बायकोकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

"तुम्हाला माहीत होतं?" ती खुर्चीतून पुढे झुकली. "अहो, मलाही माहीत होतं! तालीम बंद पडेल म्हणून मीही बोलले नाही. रोज गुपचूप पाय उचलून लांब टाकायचे. हे पाऊल माझंच आहे. त्या दिवशी तुमच्याकडे बघत राहिले आणि चुकले."

मास्तरांनी मान वर केली.

"सदतीस वर्षं मी माझ्या एकटीचीच चूक समजत होते," ती म्हणाली. "निम्मी तरी घ्यायचीत की हो तुम्ही!"