कुलपातली कुंडी

भिंगकाकांचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यावर आणि त्या डोळ्याला लावलेल्या भिंगावर होता. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. गिऱ्हाईक म्हणायचं, "आपोआप बंद पडलं हो," की काका मान हलवायचे. "आपोआप काही होत नसतं. कुणीतरी पाडलंय." बहुतेक वेळा ते खरंच निघायचं, आणि त्यामुळेच माणूस बिघडला.

बायको गेली तेव्हा मागे तिची सक्युलंटची दोन रोपं राहिली, जाड, गुबगुबीत पानांची. काकांनी बाल्कनीतून ती आपल्या खोलीत आणली आणि कामाच्या टेबलाला लागून असलेल्या खिडकीत ठेवली. जीव इतका लावला, की पाणी ड्रॉपरने घालायचे, तेही वरची माती बोटाने चाचपून, कोरडी लागली तरच.

तरी पानं बिघडली. आधी काचेसारखी आरपार दिसू लागली, मग पिचपिचीत झाली, मग नुसता धक्का लागला की गळायची. नर्सरीवाल्याने एक पान दाबून पाहिलं. "पाणी जास्त होतंय."

"मी थेंब मोजून घालतो!"

"मग आणखी कुणीतरी घालत असेल," तो हसत म्हणाला. तो गमतीत बोलला होता. काका ते वाक्य जपून घरी घेऊन आले.

घरात माणसं तीन. मुलगा सकाळी बाहेर पडायचा तो संध्याकाळीच उगवायचा. उरली सून. तीच रोज खोली पुसायला यायची, आणि हातात ओलं फडकं! एवढा पुरावा काकांना पुष्कळ झाला. चहा पिताना ते तिच्या बोटांकडे टक लावून बघू लागले. मातीवर त्यांनी खडूची पूड भुरभुरवून ठेवली, ठसा उमटतो का पाहायला. उमटला नाही, तर मनाशी म्हणाले, हुशार आहे, वरून ओतते. अशा माणसापुढे कुणी काय करावं?

एक कुंडी पार दगावली तेव्हा मात्र त्यांनी तोंड उघडलं. "सूनबाई, तिची झाडं तुझ्या डोळ्यांत खुपतात का गं?"

सुनेचा हात जागच्या जागी थांबला. "बाबा, मी हातसुद्धा लावत नाही त्यांना. आईंची आहेत ती."

"मग पाणी काय पाय फुटून येतं?"

"झाडापायी आता पोलीस बोलवायचे का?" म्हणत मुलाने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून सुनेने खोलीत पाऊल टाकलं नाही. चहा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची, हलकेच टकटक करायची आणि निघून जायची. मनात पाप आहे म्हणूनच तोंड लपवते, काकांनी ठरवून टाकलं.

उरलेली कुंडी त्यांनी घड्याळांच्या काचेच्या कपाटात ठेवली, कपाट खिडकीशी ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. स्वतःही पाणी घातलं नाही. काही दिवसांनी बंद कुलपाआड एक पान गळून पडलं.

काकांनी कुलूप काढलं. मग कुंडी काढून त्यांनी रोप अलगद उपसलं. वरची माती भुरभुरीत होती, आणि तळाला काळा, घाण मारणारा चिखल. मुळांचा कुजून लगदा झालेला. बोट तळाशी घातलं तर रबराला टेकलं.

ते रबर त्यांनीच बसवलं होतं. उघड्या घड्याळात थेंब गळू नये म्हणून, कुंड्या टेबलाजवळ आणल्या त्याच दिवशी, तळाची भोकं त्यांनी रबराच्या चकत्या आणि गोंद लावून पक्की बुजवली होती. घड्याळात पाणी शिरू नये म्हणून बुजवतात तशीच. भोक म्हणजे दोष, हे त्यांच्या हातांत इतकं मुरलं होतं, की पाणी बाहेर जायलाही वाट लागते हे डोक्यात आलंच नाही. थेंबाथेंबाने घातलेलं सगळं पाणी तिथेच साचून राहिलं होतं.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखलाने भरलेले हात तसेच घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं.

सून ओट्याशी उभी होती. चाहूल लागताच ती वळली. तिची नजर त्यांच्या हातांवर गेली आणि ती एकदम मागे सरकली.

"मी नाही, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "खरंच नाही. मी आज दारापाशीसुद्धा आले नाही. सकाळचा चहासुद्धा ह्यांच्याच हाती पाठवला."