एक ड्रम डिझेल आणि आबाजींचा पूल

बांधकाम संपलं की साइटवर तीन गोष्टी उरतात. थोडी रेती, मोडकी घमेली आणि किस्से. रेती गावकरी नेतात, घमेली भंगारात जातात. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते आमच्याच डोक्यावर! अजूनही आमच्यातले दोघं बालाघाटच्या बसस्टँडवर भेटले की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो आणि तेवढ्यात बस निघून जाते.

हे सगळे डिझेलच्या टंचाईतले. परदेशात कुठं तरी तेलावरून भांडणं लागली आणि इकडं लालबर्‍याच्या अलीकडच्या एका नाल्यावर आमचं काम अडलं! आमचे ठेकेदार आबाजी तिथं सरकारी पूल बांधत होते. मी त्यांचा स्टोअरकीपर, म्हणजे डिझेलच्या ड्रमची किल्ली माझ्या कंबरेला. पूल मृगाच्या आत झाला नाही तर ठेका जाणार होता. ठेका गेला की ट्रक आणि मिक्सर विकून आबाजी शेतीकडं परतणार होते. आम्ही कुठं परतणार, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आबाजींनी सगळ्यांना गोळा केलं.

"आजपासून थेंब थेंब वाचवा. डिझेल म्हंजे दूध समजा, दूध!"

मागून कोणी तरी पुटपुटलं, "दूध असतं तं पानी तरी घातलं असतं!"

\*

आबाजींचा पहिला हुकूम ट्रकला. "उतार लागला का इंजिन बंद!"

ट्रकवर रहमतचाचा. हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्याच दिवशी बालाघाटहून सिमेंट भरून निघाले, शेजारी खुद्द आबाजी. आमची साइट नाल्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी रस्ता खाली उतरणारा. अलीकडच्या उतारावर चाचांनी इंजिन बंद केलं. पण इंजिन बंद झालं की त्या जुन्या ट्रकचा ब्रेकही मऊ पडायचा, हे हुकमात नव्हतं!

आम्ही खाली उभे. ट्रक आवाज न करता आला. चहावाल्यानं रोजच्या सवयीनं चाचांसाठी ग्लास पुढं केला. ट्रक त्याच्यासमोरून सरळ गेला, पुलाशेजारच्या कच्च्या वळणरस्त्यानं नाला ओलांडला, पलीकडचा चढ अर्धा चढला आणि थांबला. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच तो मागच्या मागं परत यायला लागला!

कोणाला खरचटलंही नाही, देवाची कृपा. चहाच्या टपरीसमोर येऊन ट्रक आपोआप थांबला. चाचांनी खिडकीतून हात काढून तोच ग्लास घेतला आणि म्हणाले, "देखा मालिक? गए भी मुफ़्त, आए भी मुफ़्त!"

आबाजी खाली उतरले आणि दिसेल त्या पहिल्या दगडावर बसले. म्हणाले, "चाचा, उद्यापासून इंजिन चालू ठेवजा."

\*

मग ट्रकला सुट्टी देऊन रेतीसाठी बैलगाड्या लावल्या. वैनगंगेवरून भल्या पहाटे निघायचं, लालबर्‍याच्या अलीकडं फाट्याला वळायचं आणि साइटवर यायचं. डिझेल शून्य! आबाजी खूश.

सकाळ झाली, दहा वाजले, गाड्यांचा पत्ता नाही. झालं होतं असं, की गाडीवान गार वाऱ्यात डुलक्या काढत होते आणि बैल आपले चालत होते. हे बैल वर्षानुवर्षं धान घेऊन लालबर्‍याच्या राइस मिलला जाणारे. त्यांना फाटा काय माहीत! सगळी रांग शिस्तीत मिलच्या दारात जाऊन उभी राहिली.

मिलवाला शेठ बाहेर आला, त्यानं पहिल्या गाडीत हात घातला. मग दुसऱ्या गाडीत. आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "धानात रेती मिसळतात हे मले माहीत होतं. पन इथं तं धान मिसळायचंच विसरले!"

\*

डिझेल खाणारं आणखी एक प्रकरण होतं, ते म्हणजे ओव्हरसियर साहेबांची जीप. साहेब रोज तपासणीला यायचे आणि परत जाताना जीपला तेल आमच्याच ड्रममधून. एवढी कसली तपासणी, आम्हाला कळेना. यायचे ते नेमके जेवणाच्या वेळेला.

कळलं ते रोज साइटवर डबा पाठवणाऱ्या आबाजींच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना. त्या म्हणाल्या, "साहेब पुलासाठी नाई येत जी, माह्या रस्श्यासाठी येऊन राह्यले. उद्यापासून त्याहिचा डबा बसनं पाठवा."

डबा कंडक्टरच्या हाती साहेबांच्या ऑफिसात जायला लागला आणि जीप यायची थांबली. आठवडाभरानं आबाजींनी ऑफिसात जाऊन भीत भीत तपासणीचं विचारलं, "साब, मुआयना?"

साहेब बोटं चाटत म्हणाले, "खाना तो यहीं आ गया, अब पुल देखने क्या आऊँ!"

\*

आता डोमाजी. डोमाजी मिक्सर चालवायचा. दर मंगळवारी तो मशीनची पूजा करायचा. हळद, कुंकू, नारळ, आरती, सगळं साग्रसंगीत, आणि हे सगळं मशीन चालू ठेवून! का, तर बंद मशीनमधला देव झोपलेला असतो. पूजा संपेपर्यंत इंजिन नुसतंच धडधडत डिझेल पीत राहायचं. आबाजींचा जीव खालीवर व्हायचा, पण पूजा बंद कर म्हणायची हिंमत कोणाची?

शेवटी वहिनीच साइटवर आल्या. "काहून गा डोमाजी, देवळातला देव पहाटे काहानं उठते, काकड आरतीनंच न?"

"हौ, आरतीनंच, वैनी."

"मंग मशीन बंद असतानीच हळदीकुंकू, नारळ, आरती सारं कर. आरती झाली का हँडल मार. पहिल्या हँडलले चालू झालं तं समज देव हौ म्हनला."

डोमाजीला हे फारच पटलं. तेव्हापासून मंगळवारी आरतीनंतर सगळी साइट श्वास रोखून उभी राहायची. पहिल्याच हँडलला इंजिन लागलं की टाळ्या!

पण गंमत अशी, की डिझेलचा खर्च काही कमी होईना. मंगळवारी ड्रममध्ये काठी बुडवून पाहावी, तर डिझेल पूर्वीइतकंच गेलेलं. आबाजी माझ्या कंबरेच्या किल्लीकडं बघायचे. खरं सांगतो, त्या दिवसांत मला अन्न गोड लागत नव्हतं.

\*

आणि स्लॅबचा दिवस.

ढग भरून आलेले. डेपोतून जेमतेम एक ड्रम मिळाला होता. साहेबही आले होते, आणि त्यांनी बजावून ठेवलं होतं, "बीच में काम रुका, तो पूरा तुड़वा दूँगा." म्हणजे स्लॅब एका दमात पडला तर पूल, नाही तर सगळं संपलं.

सकाळपासून घमेली पळत होती. वहिनीसुद्धा रांगेत. दिवस कलला आणि डोमाजीनं अचानक इंजिन बंद केलं. टाकीचा तळ दिसायला लागला होता, आणि पार कोरडं पडलं असतं तर इंजिननं हवा धरली असती, मग ते लवकर चालूच झालं नसतं. मी ड्रम आडवा केला. थेंब नाही. स्लॅबचा एक कोपरा उघडाच होता. आबाजी त्या कोपऱ्याकडं पाहत उभे राहिले.

डोमाजी त्याच्या झोपडीकडं पळाला आणि मोठा डबा घेऊन आला. काठोकाठ डिझेल!

"हे कुठून आनलं बे?" आबाजी ओरडले.

"देवाचं हाय मालक. पूजेत जळे ते. आता जळत नाई, मंग दर मंगळवारी टाकीतून तेवढं बाजूले काढून ठेवतो. देवाच्या वाट्याचं आपल्याले कसं चालन?"

मी कंबरेची किल्ली काढून आबाजींसमोर धरली. आबाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"मंग टाक न लवकर!" ते डोमाजीला म्हणाले.

"असं कसं? पहिले देवाले इचारा लागन. तुम्हीच इचारा, मालक."

आबाजी कधी पूजेला उभे राहिले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, सिमेंटनं माखलेले हात मशीनसमोर जोडले आणि म्हणाले, "देतेस का बाप्पा?"

डोमाजीनं डिझेल ओतलं. हँडल मारलं.

पहिल्याच हँडलला!

साहेबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. घमेली पुन्हा पळायला लागली, कोपरा भरला, आणि वरून दोन थेंब पडेपर्यंत आम्ही स्लॅबवर ताडपत्री ओढून मोकळे! आबाजी उपरण्यानं डोळे पुसत डोमाजीकडं गेले.

"डोमाजी, पुढच्या मंगळवारपासून मशीन चालू ठेवून पूजा कर. माह्याकडून."

डोमाजीनं जोरात मान हलवली.

"नाई मालक. मंग देवाचं उरन कसं?"