आधी रस्ता

शाडूचा गणपती पाटावर होता. सोंड, पितांबर, सगळं रंगवून झालं होतं; डोळे तेवढे कोरे होते. ताईने कुंचला उचलला.

डोळ्यांची आखणी आजवर फक्त आजीची. यंदा आजी नव्हती. ऐन तिशीत आजोबा गेले, तेव्हापासून मूर्ती घडवून तिने घर चालवलं. नव्वदी उलटली तरी डोळे दुसऱ्या कुणाला आखू दिले नाहीत. आखून झाले की ती मूर्ती लगेच दाराकडे वळवायची. "आधी त्याला रस्ता बघू दे. घर काय, आहेच." लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने स्वतः तो रस्ता खिडकीतूनच बघितला होता.

ताईच्या कुंचल्याखाली एक डोळा उघडला. आता थांबायची सोय नव्हती. एक उघडा, एक कोरा, अशी मूर्ती बघवत नाही. ताईने श्वास रोखला. दुसराही उघडला. आम्ही पुढे वाकलो, तोवर तिने मूर्ती दाराकडे वळवली.

"कसे झालेत गं?" आईने विचारलं.

"बाहेर जाऊन बघ," ताई म्हणाली. थेट आजीच्या सुरात.

विचारल्याशिवाय कधी उंबरा न ओलांडणारी माझी आई अनवाणीच बाहेर गेली, आणि भर रस्त्यात उभी राहून तिने वर, उघड्या दारातून मूर्तीच्या डोळ्यांकडे बघितलं.