रिकाम्या पेटीतली सुपारी

इतक्या वर्षांनंतरही त्या गुन्ह्याचा विषय निघाला की डोळ्यांसमोर सर्वांत आधी येते ती एक सुपारी. परळच्या एका सभागृहात काचेची पेटी उघडी होती. आत लाल मखमल होती. मखमलीवर दबलेला एक खळगा होता आणि खळग्याच्या मधोमध, चार तांदळांवर, ती सुपारी ठेवलेली होती. पंचनाम्यात मी तिची नोंद करून घेतली. तिचा अर्थ लावायला मला आणखी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांची किंमत दुसऱ्याच व्यक्तीने मोजली.

त्या वेळी मी लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. चोरीला गेली होती ती वस्तू मुंबईची नव्हती. घाटमाथ्यावर, एका किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावात ओस पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत गावकऱ्यांनी संग्रहालय केले होते. तोफेचे गोळे, धान्य मोजण्याची लाकडी मापे, घोंगडी विणायचा माग, पालखीची जुनी दांडी आणि ग्रामदेवीचा पितळी मुखवटा, असा त्यांचा सगळा संग्रह. देवळाचा जीर्णोद्धार झाल्यावर देवीला चांदीचा नवा मुखवटा झाला आणि जुना संग्रहालयात आला. गावातली निम्मी घरे गिरण्यांच्या काळापासून मुंबईत. त्यांच्या इथल्या मंडळाने ठरवले की डोंगरावरचे हे संग्रहालय चार दिवस परळला आणायचे, म्हणजे इथे जन्मलेल्या पोरांना आपले गाव कळेल.

वस्तूंबरोबर एक बाई आल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, देवीच्या दिवंगत गुरवाची पत्नी. संग्रहालय झाडणे, पाहुण्यांना माहिती सांगणे, पावसाळ्यात वस्तूंना बुरशी धरू न देणे, ही कामे त्याच करत. मुखवट्याच्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होती. प्रदर्शन गुरुवारी उघडले. संध्याकाळी सगळ्या पेट्यांवर चादरी घातल्या गेल्या. शुक्रवारी सकाळी चादर काढली तर मुखवटा नव्हता. कुलूप तोडलेले नव्हते.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी फिर्याद दिली आणि संशयित कोण या प्रश्नावर एकमेकांकडे पाहिले. शेवटी एकाने सांगितले, "नाव घ्यायचं नाही साहेब, पण किल्ली एकाच गळ्यात आहे."

बाईंना ठाण्यात बोलावले. महिला शिपाई सोबत घेऊन मी जबाब घेतला. त्या रडल्या नाहीत. प्रश्न विचारला की आधी किल्लीला हात लावत आणि मग उत्तर देत. मला ते खटकले. सुपारीबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की देवाला जागेवरून उठवले तर जागा रिकामी ठेवत नाहीत, तिथे सुपारी ठेवायची, ही गावची रीत. ही रीत गुरवाच्या घरात सगळ्यांत पक्की असणार, असे मी म्हणालो. त्यावर त्या पहिल्यांदाच तिखट बोलल्या.

"म्या ठिवली असती तर खाली इड्याचं पान घातलं असतं. नुसत्या तांदळांवर कोण ठिवतं? ज्यानं ठिवली त्याला रीत ऐकून ठावं हाय, करून न्हाई."

हे वाक्य जबाबात आहे. मी ते लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. काळाचौकीच्या चाळीत वाढलेले, बौद्ध कुटुंबातले, देवदेव न करणारे. चहा पिताना त्यांनी आपले मत दिले. "साहेब, ह्या चोराने देवीला उठवलं आणि जाताना माफी मागून गेला. हा माल विकणारा माणूस नाही. विकणारा कशाला सुपारी वाया घालवेल?"

मी त्यांना म्हणालो की भाविक माणसेही चोऱ्या करतात. ते हसले. "करतात ना. पण मग देवाच्या नाही, शेजाऱ्याच्या करतात."

तरीही मी नेहमीच्या वाटेने गेलो. पुरातन वस्तूची चोरी म्हणजे ती विकली जाणार, आणि विकली जाणार म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसणार. गिरगाव आणि आसपासच्या दुकानदारांना मुखवट्याचे छायाचित्र पाठवले आणि बजावले, अशी वस्तू विकायला कोणी आले तर ताबडतोब कळवायचे. पेट्या भाड्याने देणाऱ्या मंडपवाल्यालाही विचारले. तो म्हणाला की प्रत्येक पेटीच्या दोन किल्ल्या असतात, दोन्ही त्याने माल उतरवताना दिल्या. कोणाच्या हातात, ते आठवत नाही. मंडळातल्या कोणालाही दुसरी किल्ली आठवेना. तपासात असे नेहमी होते. जे कोणालाच आठवत नाही ते बहुधा एकाला नीट आठवत असते.

शुक्रवार, शनिवार, रविवार, बाई रोज सकाळी दहाला येत आणि ठाण्याच्या बाकावर बसत. अटक नव्हती, त्यांना दिवसा चौकशीसाठी बोलावले होते एवढेच. कागदावर हा फरक मोठा असतो. बाकावर बसलेल्या माणसाला तो कळत नाही, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला तर नाहीच. त्या काळाचौकीला भाचीकडे उतरल्या होत्या. रविवारी भाची मला भेटून गेली. गावाहून फोन आला होता, संग्रहालयाची चावी सरपंचांकडे जमा करा आणि मुखवटा सापडेपर्यंत गावात येऊ नका. मावशींनी कालपासून अन्न सोडले आहे, असेही ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन बाईंना जेवून घ्यायला सांगितले. त्यांनी मान वर केली नाही. "साहेब, घर डोंगरावर हाय माझं. तिथं पाय ठिवायचा न्हाई म्हंत्यात. मग ह्या बाकावर बसले काय आन् कुठं बसले काय."

सोमवारी हवालदारांनी परवानगी मागितली. दुकानदारांना फोनवर विचारून झाले होते, आता प्रत्यक्ष फिरून येतो म्हणाले. दुकाने उघडायच्या वेळी ते गिरगावात पोहोचले. एका गल्लीत जुन्या घड्याळांचे, समयांचे आणि तसबिरींचे दुकान आहे. मालक वयस्कर, गुजराती, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. मुखवटा विकायला कोणीही आले नाही, असे त्यांनी सांगितले. हवालदार निघाले. मालकांनी सहज पुस्ती जोडली.

"विकायला नाही, पण एक आजोबा घ्यायला आले होते. शनिवारी. देवीचा जुना पितळी मुखवटा पाहिजे, हाताने माप दाखवलं, एवढा. आणि डाव्या कानाचं भोक तुटलेलंच पाहिजे म्हणाले. एवढी वर्षं दुकानात बसतोय, तुटलेली वस्तू मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं."

आमच्या छायाचित्रात मुखवट्याची उजवी बाजू दिसत होती. डावा कान तुटका असल्याचे फक्त फिर्यादीत होते.

"मग आम्हाला कळवलं का नाही, शेठ?" हवालदारांनी विचारले.

"तुम्ही विचारलं विकायला कोण येतं. हा घ्यायला आला होता."

मालकांचे काही चुकले नव्हते. आमचा प्रश्नच अर्धा होता. सुदैवाने आजोबांनी मुखवटा मिळाल्यास कळवा म्हणून आपला फोन नंबर लिहून ठेवला होता. चोर स्वतःचा नंबर ठेवून जातो, हे माझ्या नोकरीत त्याआधी आणि त्यानंतर घडलेले नाही.

साडेअकरापर्यंत आजोबा ठाण्यात होते. सत्तरी ओलांडलेले, आधी गिरणीत आणि नंतर एका इमारतीवर पहारेकरी. मूळ त्याच गावचे, मंडळाचे जुने सभासद. गुरुवारी पेट्या उतरवून घेणाऱ्यांत ते होते. बाई त्या दिवशीही बाकावर होत्या, मी आजोबांना त्यांच्यासमोरूनच आत आणले. दोघांची नजरानजर झाली. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना वाकून नमस्कार केला. आजोबांनी तोंड फिरवले.

तास-दीड तास चौकशी झाली. मुखवटा का शोधत होतात? घरी पूजेला हवा होता. तुटक्या कानाचाच का? आमच्या देवीचा तसाच आहे, म्हणून. दुसरी किल्ली? माहीत नाही. उत्तरे साधी होती आणि सगळी खरी असू शकत होती. आवाज चढवून अशा माणसाकडून काही मिळत नाही. तो आणखी आत जातो.

एक वाजता सगळ्यांसाठी वडापाव आणि चहा आला. आजोबांनी हात लावला नाही. हवालदारांनी विचारले, "काय बाबा, उपास?"

"नाही."

"शुगर आहे?"

"नाही रे. भूक नाही."

पण भूक होती. ते माणसाच्या गळ्यावरून कळते. दर दोन मिनिटांनी त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. सव्वा वाजता त्यांनी विचारले की दहा मिनिटे खोलीवर जाऊन येऊ का. दीड वाजता पुन्हा विचारले. घरी कोण आजारी आहे का, तर नाही. औषध राहिले आहे का, तर नाही. हवालदार माझ्याकडे पाहत होते. शुक्रवारी चहा पिताना ते जे बोलले होते ते मला तेव्हा आठवले. चोराने देवीची जागा रिकामी ठेवली नव्हती. मग तो तिला उपाशी कसा ठेवील?

मी वही बंद केली आणि विचारले, "बाबा, आज नैवेद्य दाखवायचा राहिलाय का?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"दुपार टळली," ते म्हणाले. "तिला कधी बाराच्या पुढं थांबवली नाही मी. मागच्या तीन दिवसांत एकदाही."

त्यानंतर त्यांनी स्वतःहून सांगितले. तरुणपणी पालखीत हा मुखवटा डोक्यावर घेण्याचा मान त्यांच्या घराकडे होता. तो संग्रहालयात गेल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. परळला पेटीत पाहिला तेव्हा त्यावर मळ चढला होता आणि शेजारी पाटी होती, वस्तूंना हात लावू नये. संध्याकाळी त्यांनी पदाधिकाऱ्यांना विचारले, निदान साखरेचा नैवेद्य दाखवू का. ते हसले. आबा, देवी आता गावात, ही नुसती वस्तू आहे, असे त्यांना सांगण्यात आले. हे बोलणे झाल्याचे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते, कारण कोणालाच ते महत्त्वाचे वाटले नव्हते.

"आम्ही पोरं होतो तेव्हा तिच्यासमोर पायात वहाण घालत नव्हतो," ते म्हणाले. "आणि इथं लोक बूट घालून, आईस्क्रीम खात बघत होते. मग मी उठवली." पेट्या उतरवताना हातात आलेली दुसरी किल्ली त्यांच्या खिशातच होती, आणि संध्याकाळी चादरी घालताना त्यांनी ती वापरली.

बाईंवर आळ आल्याचे त्यांना शनिवारी समजले. तेव्हा त्यांनी ठरवले की तसाच दुसरा मुखवटा पेटीत ठेवायचा. वस्तूच पाहिजे ना, मग वस्तू मिळेल, बाई सुटेल आणि देवी आपल्याकडे राहील. खरे सांगण्याचा विचार आला नाही का, असे मी विचारले.

"आला. पण मग तुम्ही तिला परत पेटीत घातली असती."

काळाचौकीच्या एका चाळीत त्या गावाची सामाईक खोली होती. गिरणीच्या दिवसांत पाळीपाळीने तीस-चाळीस माणसे तिथे झोपत. आता दोघे-तिघे राहत होते आणि किल्ली आजोबांकडे असे. पंचांसमोर त्यांनी भिंतीतले कपाट उघडून दिले. आत खणाच्या नव्या कापडावर मुखवटा होता, चिंच लावून घासलेला, लखलखीत. त्यामुळे बोटांचे ठसेही गेले होते. पुढे एका तज्ज्ञांनी पत्र लिहून हळहळ व्यक्त केली की दोनशे वर्षांची काळसर झाक एका दिवसात पुसली गेली. बाईंचे मत वेगळे होते. मुखवटा ठाण्यात आणला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तोंड उजाळलं माझ्या बाईचं."

मुद्देमाल सील करण्याआधी आजोबांनी साखरेची परवानगी मागितली. नियमात असे काही नाही. हवालदार चहाच्या टपरीवरून चिमूटभर साखर घेऊन आले, पुडी टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग आजोबांनी वडापाव खाल्ला. अर्धा त्यांनी बाईंना दिला. बाईंनी तो घेतला.

खटल्याचे पुढे काय झाले ते न्यायालयाच्या नोंदीत आहे. इतकेच सांगतो की आजोबांविरुद्ध साक्ष द्यायला गावातून कोणीही उत्साहाने पुढे आले नाही. मुखवटा न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर बाईंच्या ताब्यात दिला. सही झाल्यावर त्या उठल्या नाहीत.

"साहेब, आता मला बी कागद द्या."

कसला कागद, मी विचारले.

"म्या चोर न्हाई म्हणून. गावात तोंडानं सांगून कोन ऐकंल?"

पोलीस खात्यात गुन्हा केल्याचे लिहायला पुष्कळ नमुने आहेत. गुन्हा न केल्याचा नमुना नाही. मी कोरा कागद घेतला आणि लिहिले की अमुक गुन्ह्याच्या तपासात या महिलेचा कोणताही संबंध आढळला नाही, चार दिवस त्यांना विनाकारण बसवून ठेवले गेले, त्याबद्दल खेद आहे. सही केली, ठाण्याचा शिक्का मारला. हवालदार म्हणाले, साहेब, विनाकारण हा शब्द वर गेला तर तुम्हाला विचारतील. मी तो तसाच ठेवला. कोणी विचारले नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी दुकानदाराचे उत्तर सांगतो. आम्ही विकणाऱ्याबद्दल विचारले, म्हणून घेणाऱ्याबद्दल कळले नाही. तपास करणाऱ्याला जे आधीच पटलेले असते तेवढेच तो विचारतो, आणि तेवढेच त्याला मिळते. उरलेला भाग पंचनाम्यात लिहिलेला असतो, जबाबात असतो, बाहेर बाकावर बसलेला असतो.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो. धुक्यात शाळेची इमारत सापडायला वेळ लागला. बाईंनी मला ओळखले नाही आणि मीही ओळख दिली नाही. त्यांनी रीतसर सगळे दाखवले, मापे, माग, तोफेचे गोळे. मुखवट्याच्या पेटीला आता कुलूप नव्हते. हात लावू नये ही पाटी काढली होती आणि देवीपुढे विड्याच्या पानावर साखर होती. त्याच पेटीत, मुखवट्याच्या डाव्या हाताला, चौकटीत बसवलेला एक कागद होता. शिक्का फिकट झाला होता, सही वाचता येत होती.

हे काय आहे, मी विचारले.

"ते व्हय," बाई काच पदराने पुसत म्हणाल्या, "ते आमचं हाय. मुंबैच्या पोलिसांनी चूक कबूल क्येल्याली. लई दुर्मिळ वस्तू हाय, नीट बघून घ्या."