मी तेल पुसलं नाही

“ए, तू पूस. तुम्हाला सवय असते.”

सर माझ्याकडं न बघता बोलले आणि टेबलाखालचं फडकं बुटानं माझ्याकडं सरकवलं. प्रयोगशाळेच्या फरशीवर तेल सांडलं होतं. सांडलं होतं साखर कारखान्याच्या डायरेक्टरच्या मुलानं. आमच्या चौघांच्या गटात तो होता. त्याला सर काही बोलले नाहीत. मी वाकले. पुसलं.

‘तुम्हाला’ म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं. माझे आईबाप कर्जतकडचे. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. त्याच डायरेक्टरच्या कारखान्याला ते ऊस तोडायचे. नगरच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून देताना हे मीच अभिमानानं सांगितलं होतं. मूर्खपणा केला.

प्रयोग साधा होता. लोखंडी चौकटीला स्प्रिंग टांगलेली, तिच्या खाली वजन, वजनाखालची चकती तेलाच्या भांड्यात बुडालेली. वजन ओढून सोडलं की ते वरखाली हलतं आणि हळूहळू थांबतं. वजनाला लावलेली पेन्सिल फिरत्या कागदावर लाट काढते. पहिली लाट मोठी, दुसरी लहान, तिसरी त्याहून लहान. किती पटीनं लहान होते ते मोजायचं, त्याचा लॉग घ्यायचा, त्यावरून डॅम्पिंग काढायचं. म्हणजे तेल त्या हलण्याला किती दाबून धरतं, ते.

भांडं गळकं होतं. दर वेळी तेल ठिबकायचं. एकानं वजन ओढायचं, एकानं कागद सांभाळायचा, डायरेक्टरच्या मुलानं गणित करायचं आणि मी पुसायचं. कुणी ठरवलं नव्हतं. एकदा वाकले ती वाकलेलीच राहिले. भांडं भरलं की लाट निघेपर्यंत मी टेबलाखाली असायचे. वर काय करतात ते मला दिसायचंच नाही.

सबमिशनच्या आधी प्रत्येकाला तो प्रयोग एकट्यानं करून दाखवावा लागतो. मी रात्रंदिवस पुस्तक घोकलं होतं. सूत्र तोंडपाठ. वजन ओढलं, सोडलं, लाट घेतली, पट्टी लावून मोजलं, गणित केलं. उत्तर जवळजवळ शून्य आलं, म्हणजे तेल त्या हलण्याला दाबतच नाही.

सरांनी माझा कागद हातात धरून अख्ख्या वर्गाला दाखवला. वजन ओढायच्या आधी पेन्सिलीनं मधली रेघ मारून घ्यायची असते. लाटेची उंची त्या रेघेपासून मोजायची. मी कागदाच्या खालच्या कडेपासून मोजली होती. रेघ मारताना मी कधी कुणाला पाहिलंच नव्हतं.

“बघा, कोयत्याची इंजिनिअर. हिचं वजन जन्मभर हलत राहणार.”

वर्ग हसला. माझ्या आधी डायरेक्टरच्या मुलाचंही उत्तर चुकलं होतं. त्यानं भलताच लॉग घेतला होता. सर त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि स्वतःच्या पेननं त्याला सगळं सोडवून दिलं. कुणी हसलं नाही. त्याची चूक त्याच्या एकट्याची होती. माझी मात्र माझ्या आईची, बापाची, ऊसतोडीच्या सगळ्या टोळीची झाली. हे तेव्हा मला लख्ख दिसलं.

भांड्याखाली तेल ठिबकत होतंच. सरांनी बुटानं फडकं सरकवलं. म्हणाले, आता पूस आणि जा, हे तरी नीट येतं ना.

मी फडकं उचललं नाही.

“सर, चूक माझी आहे. ती मी दुरुस्त करीन. तेल मी पुसणार नाही.”

  सर म्हणाले, मग जर्नलवर सही पण होणार नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं.

विभागप्रमुखांनी माफी मागायला सांगितली. मी नाही म्हटलं. मग त्यांनी पालकांना बोलावलं. आई फडावरून आली. पदराला उसाचं कूस चिकटलेलं, हातावर पात्यांचे ओरखडे. सरांनी तिला सांगितलं की तुमची मुलगी उर्मट आहे, प्रयोगशाळेत सांडलेलं तेल पुसायला नाही म्हणते. आईला वाटलं, एवढंच ना. तिनं पदर खोचला आणि हात जोडले.

“कुठं सांडलंय त्याल? मी पुसते सायेब. पन पोरीला बसू द्या परीक्षेला.”

सर हसले. विभागप्रमुखांकडं बघून म्हणाले, “बघा, आईला कळतं.”

त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका द्वेष वाटला की तोंडात कडू आलं. मी आईचा हात धरला आणि तिला बाहेर काढलं. ती येत नव्हती. ओढून काढलं.

बसस्टँडवर ती माझ्यावरच कडाडली. “लई मोठी झालीस व्हय? जरा वाकली असतीस तर काय मेली असतीस?”  तिचं चुकलं असं मला वाटत नव्हतं. वाकून वाकूनच तिनं मला इथवर आणलं होतं. ती परत फडावर गेली. मुकादमानं तिचा खाडा मांडला, मजुरी कापली. माझं वर्ष गेलं. पुढचे कित्येक दिवस ती फोनवर माझ्याशी धड बोलली नाही.

मी पुन्हा तोच विषय घेतला. तेच सर. आता पहिल्या बाकावर बसते आणि दर तासाला प्रश्न विचारते. लाट मी काढते, रेघ मी मारते, गणित मी करते. चुकलं तर मोठ्यानं विचारते, कुठं चुकलं सर, सांगा. सांगावं लागतं. सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो, ते ऐकायला मला आवडतं. फार आवडतं.

मैत्रिणी म्हणतात, सोड आता, दिवस गेले की राग उतरतो. स्प्रिंगचं हलणं थांबतं ते चकती तेलात बुडवलेली असते म्हणून. माझा राग मी कशात बुडवू देणार नाही. उद्या सरांनी माफी मागितली तरी मी ती घेणार नाही.

मला त्यांची खुर्ची पाहिजे. एम. ई. करीन, पीएच. डी. करीन, लागेल ते करीन आणि याच विभागात येईन. तेही ते निवृत्त व्हायच्या आत. घरी बसलेल्या म्हाताऱ्याला हरवण्यात मला रस नाही.