सहा लाल टॉवेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात जाईल. चोरी करून पकडलेले पुष्कळ बघितले असतील तुम्ही. चोरी न करता, कुणी विचारलं नसताना, कॅमेऱ्यासमोर स्वतःला पकडून देणारा कधी बघितलाय? हा काय, समोर बसलाय!

माझा सोलापुरात टॉवेलचा धंदा. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं बाजारानं शिकवलं. परदेशातल्या जागतिक क्रीडा स्पर्धेच्या आधी मुंबईचा एक एजंट आला आणि सहा लाल टॉवेल नमुन्याला घेऊन गेला. "खेळाडूंच्या मुक्कामासाठी दाखवून बघतो," म्हणाला.

आता आमच्या पेठेची रीत अशी, की नमुना गेला म्हणजे माल गेला असंच सांगायचं. मी पेठेत सांगितलं, मग गावातल्या टीव्हीवाल्यालाही सांगितलं. बातमी झाली: 'सोलापूरचा टॉवेल जगाच्या अंगावर!' लोकांनी फेटा बांधला, मी बांधून घेतला.

स्पर्धा सुरू झाली आणि वादही सुरू झाले. आज पंचांवर आरोप, उद्या जेवणात अळी. दुकानातल्या टीव्हीवर मी चवीनं बघायचो. एका सकाळी पडद्यावर एक पोहणारी पोरगी आली. तोंड, मान, खांदे... लालभडक! अंग पुसलं तर टॉवेलचा रंगच अंगाला लागलेला. निवेदक किंचाळत होता, "कुठून आला हा टॉवेल? जबाबदार कोण?" आणि टॉवेल दाखवला. लाल, पांढऱ्या काठाचा, हुबेहूब माझ्या नमुन्यासारखा.

मी झटकन टीव्हीच बंद केला. का? तर नमुना देताना आमचे रंगारी नरसय्याअण्णा म्हणाले होते, "शेठ, लाल हाय, रंग सुटंल, अजून दोन पाणी द्यायला पायजे की." आणि मी शहाणा काय म्हणालो? "अण्णा, नमुना कोण धुतंय?"

तेवढ्यात अण्णाच धापा टाकत आले. "शेठ, बघितलं का? सोलापूरचं नाव गेलं तर आमचा माल कोण घेणार हो?"

मी एजंटला फोन लावला. बंद! दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि अण्णांना घेऊन गठ्ठ्यांच्या मागं जाऊन बसलो. बायको डबा घेऊन आली, तिला सगळं सांगितलं.

"आगं बया! तिकडचं पोलीस हितं येतेत का वो?"

"हळू बोल! विमानानं येतात ते."

"मग येळ लागंल की. तवर दोन घास खाऊन घ्या."

घास कसला उतरतोय? बाहेर मोटार थांबली तरी मला बेडी दिसत होती. दुपारी एकदाचा एजंटचा फोन आला. "कुठले टॉवेल, शेठ? ते तर नापसंत झाले. इथंच दादरच्या ऑफिसात हात पुसतो आम्ही. सगळ्यांचे तळवे लाल!"

सुटलो! मी अण्णांना मिठी मारतोय, तोच शटरखालून वाकून तो टीव्हीवाला आत आला. मागं कॅमेरा. मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

"दादा, माझा टॉवेल तिथं गेलाच नाही! एकसुद्धा नाही! मी खोटं बोललो होतो! रंग माझाही जातो, पण तो मुंबईत जातो!"

तो बिचारा गोंधळला. "काका, तो टॉवेल दुसऱ्याच देशाचा निघाला, सकाळीच कळलं. तुमचा रंग तिथं कसा टिकला, ते विचारायला आलो होतो मी."

"मग एवढं मघाचं कापून टाका की!"

"लाइव्ह होतं, काका."

अण्णांनी कपाळाला हात लावला.

तो वाद पुढं कितीतरी दिवस चालला. आयोजक म्हणाले आमची चूक नाही, पंच म्हणाले आमची नाही, टॉवेलवाल्यानं तर तलावाच्या पाण्यावर ढकललं. एवढ्या मोठ्या जागतिक स्पर्धेत आपला गुन्हा कबूल करणारा माणूस एकच निघाला, आणि त्याचा टॉवेल दादरच्या पुढं गेला नव्हता!