फादरांचा मेसेज
सोनचाफ्याचा वास आला की माझा अंगठा अजून आखडतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वसईच्या आमच्या गावात मी आणि आई ओटीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी चाफा केळीच्या पानात बांधत होतो, आणि आईच्या फोनवर आमच्या चर्चच्या फादरांचा मेसेज आला. फोटो त्यांचाच, नंबर नवा. इस्पितळात आहे, एका गरीब बाईचं ऑपरेशन अडलंय, बोलता येत नाही, या खात्यावर लगेच पैसे टाका. आईचा चेहरा उतरला. "टाक गं पटकन," ती म्हणाली. माझी बोटं ओली, आकडे चुकत होते, आणि वरून मेसेजवर मेसेज: टाकले का? वेळ नाही. पिनचा शेवटचा आकडा दाबणार तोच चर्चची सांजेची घंटा झाली. आमच्याकडे ती ऐकली की हातातलं काम ठेवून उभं राहायचं. आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि व्हॉइस मेसेज पाठवला, "फादर, घंटा झाली. प्रार्थना करून लगेच टाकतो." मी चरफडत उभी राहिले, तिकडे बाई मरतेय आणि आपलं हे काय! फुलांवर ठेवलेला फोन थरथरला. आमेन म्हणून मी वाकून वाचलं: प्रार्थना राहू द्या, आधी पैसे टाका. आईने फोन उचलून बंद केला. "हे फादर नाहीत," ती म्हणाली. आता विरारच्या फ्लॅटमध्ये ती घंटा ऐकू येत नाही, पण घाईने पैसे मागणाऱ्या प्रत्येकाला मी तेच कळवते, प्रार्थना करून टाकते. आणि समोरचा थांबतो की चिडतो, ते बघते.